दवाखाना वाढतो म्हणजे नेमके काय वाढते?
(जामखेडच्या अनुभवावरून एक अभ्यास)



आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहामागील खोलीत दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर दवाखाना भरतो, हे आपण जाणता. आपल्यातीलच दोन डॉक्टर आणि एक निवृत्त परिचारिका विनामोबदला सेवा देतात. येणारे बहुतेक जण मागच्या वस्तीतले आणि वीटभट्टीवरचे आपले शेजारी. त्यांतले बरेचसे आपल्या धर्माचे नाहीत, आणि तसे असण्याची काही गरजही नाही. सुरुवातीला पाच-दहा माणसे यायची. आता रांग व्हरांड्याच्या बाहेर जाते. म्हणूनच धर्मग्राम परिषदेच्या गेल्या सभेत सूचना आली की दवाखाना वाढवावा: आणखी दोन खोल्या बांधाव्यात, रक्त-लघवी तपासणीची सोय करावी.

मी मनातून लगेच 'हो' म्हटले होते. खरे सांगायचे तर कोनशिलाही डोळ्यांसमोर आली होती. पण सभा संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबलेल्या एका वयस्कर भगिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, मी नावे लिहायला बसते. गेल्या पावसाळ्यात जुलाबाची जी पोरे होती, तीच ह्या पावसाळ्यात आली. आपण त्यांना बरे केले की नुसते परत पाठवले?"

मला उत्तर देता आले नाही. वार्षिक अहवालात 'रुग्णसंख्येत भरघोस वाढ' असे मी अभिमानाने लिहिले होते. पण रुग्ण वाढले ही आनंदाची बातमी कशी? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक साधा मुद्दा आम्हाला शिकवला होता. प्रत्येक विद्येला स्वतःचे एक साध्य असते, आणि वैद्यकाचे साध्य आरोग्य हे आहे. औषध, खाट, इमारत ही सगळी साधने. साधन वाढले म्हणजे साध्य जवळ आले, असे होत नाही.

तेव्हा मत देण्यापूर्वी आपण एका दवाखान्याची वाढ नीट अभ्यासू या. तो दवाखाना आपल्याच महाराष्ट्रातला, आपल्याच भाषेतला, आणि सारे जग पाहायला आले असा आहे.

१. दोन डॉक्टर आणि एक अस्वस्थता

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. १९६० साली त्यांचा विवाह झाला. गरिबांची सेवा करायची हे त्यांनी आधीच ठरवले होते. पुढे ते अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन इस्पितळात काम करू लागले. इस्पितळ चांगले चालले. रुग्ण वाढले, शस्त्रक्रिया वाढल्या.

आणि तिथेच ते अस्वस्थ झाले. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते. जुलाब, धनुर्वात, गोवर, कुपोषण, अवघडलेली बाळंतपणे. बरे करून घरी पाठवलेले मूल त्याच घरात, त्याच पाण्यावर, त्याच उपासमारीत परत जाई आणि पुन्हा आजारी पडे. जे इस्पितळापर्यंत पोहोचतच नव्हते, त्यांची तर मोजदादही नव्हती. आपल्या नावे लिहिणाऱ्या भगिनींचा प्रश्न तो हाच.

प्रश्न मनात घेऊन दोघे अमेरिकेला गेले. तिथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. १९७० साली ते परतले आणि त्याच जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या जामखेड तालुक्यात त्यांनी काम सुरू केले. तालुका कायम अवर्षणाचा, दळणवळणाची साधने तुटपुंजी. गावाने जनावरांच्या दवाखान्याची जुनी जागा दिली. तिथून 'समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प' उभा राहिला.

२. आधी पाणी, मग गोळी

आपण औषधे घेऊन गेलो की लोक खूश होतील, असे कोणत्याही डॉक्टरला वाटेल. आरोळे दांपत्याने लोकांना विचारले, तुम्हाला काय हवे? उत्तर आले: पाणी आणि अन्न. १९७२-७३ चा दुष्काळ आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. सुकडी, खडी फोडण्याची कामे, टँकरची वाट पाहणे. जामखेड हा त्या दुष्काळाच्या अगदी तोंडावर होता.

म्हणून प्रकल्पाने मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे आणि विंधनविहिरी हाती घेतल्या. गावातले पुरुष एकत्र येईनात, तेव्हा संध्याकाळी व्हॉलीबॉलचा खेळ सुरू केला. खेळायला वेगवेगळ्या जातींचे तरुण आले, खेळानंतर गप्पा झाल्या आणि त्यातून शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. या मंडळांनी पुढे झाडे लावली, बांधबंदिस्ती केली, गावाची स्वच्छता पाहिली. डॉक्टरने व्हॉलीबॉलमध्ये वेळ घालवावा का, असे कोणी विचारील. पण ज्या गावात माणसे एकमेकांच्या विहिरीवर पाणी भरत नाहीत, त्या गावात एकाच्या घरचे जुलाब हा सगळ्यांचा प्रश्न कधीच होत नाही. आधी 'सगळे' तयार व्हावे लागतात.

३. नर्सबाई गावात रुळेनात

इथे एक अपयश लक्षात घेण्यासारखे आहे. प्रकल्पाने सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यांत नेमून पाहिले. जमले नाही. त्या बाहेरच्या होत्या, तरुण होत्या, एकट्याने गावात राहणे त्यांना कठीण होते. त्यांचे बोलणेही गावातल्या बाईच्या मनापर्यंत पोहोचत नव्हते. गरोदरपणी जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, ही समजूत सासूची असते. शहरातून आलेली मुलगी ती कशी काढणार?

मग गावातल्याच बाईला शिकवायचे ठरले. गावाने तिची निवड करायची. शिक्षणाची अट नाही. निवडल्या गेलेल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा होत्या. ज्यांचे मत घरातही कोणी विचारत नव्हते, त्यांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली गेली.

दर आठवड्याला त्या जामखेडला येत. एकत्र जेवत, एकाच खोलीत झोपत. त्या काळात हे सोपे नव्हते. स्वयंपाक कोणी केला यावरून घासही अडत असे. शिकणे चित्रांतून, गाण्यांतून, गोष्टींतून चाले. आधी आठवड्यात गावात काय घडले ते प्रत्येकीने सांगायचे, मग नवा धडा. गरोदर बाईची तपासणी कशी करावी, बाळंतपणात स्वच्छता कशी राखावी, नाळ कशाने कापावी, मुलाचे वजन कसे पाहावे, खोकला किती दिवस राहिला म्हणजे क्षयाची शंका घ्यावी, कातडीवरच्या बधिर चट्ट्यावरून कुष्ठरोग कसा ओळखावा. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न काढता घरीच औषध द्यायचे, हे गावाला पटवणेही त्यांच्याकडेच आले.

या बायकांना पगारी नोकर केले नाही. थोडे मानधन, आणि पोटापाण्यासाठी लहानसा उद्योग करायला मदत. त्यांच्या पाठीशी गावोगाव फिरणारे आरोग्य पथक, आणि त्याच्या पाठीशी जामखेडचे कमी खर्चाचे छोटे इस्पितळ. अशा तीन पायऱ्या. अवघड बाळंतपण, शस्त्रक्रिया, गंभीर आजार वर जायचे, बाकीचे खालीच मिटायचे. म्हणजे इस्पितळ नकोसे झाले नव्हते. ते आपल्या जागी आले होते.

४. ज्ञान वाटल्याने काय होते

एक उदाहरण घेऊ. जुलाब झालेले मूल बहुधा जंतूने थेट मरत नाही, अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने मरते. त्यावरचा पहिला उपाय प्रत्येक घरात आहे. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवायचे. ते थोडे थोडे, सारखे पाजत राहायचे. अंगावरचे दूध थांबवायचे नाही. चोवीस तासांनी उरलेले टाकून नवे करायचे. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून माप चुकवायचे नाही. (आज क्षारसंजीवनीची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. मिळत असतील तर त्याच वापराव्यात.) मूल ग्लानीत गेले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र ताबडतोब डॉक्टरकडे न्यायचे.

हे ज्ञान डॉक्टरजवळ राहिले, तर जुलाबाचे प्रत्येक मूल रांगेत उभे राहते. आईजवळ गेले, तर रांग लहान होते आणि जे मूल रात्री दोन वाजता आजारी पडते, तेही वाचते. रविवारचा दवाखाना रात्री दोन वाजता उघडा नसतो. आई जागी असते.

जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या आरोग्य कार्यकर्तीने हे आपल्या पद्धतीने सांगितले. १९८८ साली वॉशिंग्टन येथे आरोग्यावरील एका मोठ्या परिषदेत त्यांना बोलावले होते. सभागृहातील लखलखत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि दूरचे. मग पिशवीतून दोन साध्या वातीचे दिवे काढून एकावरून दुसरा पेटवला आणि सांगितले की आम्ही अशा आहोत. झुंबर दुसरे झुंबर पेटवू शकत नाही, दिवा मात्र दुसरा दिवा लावू शकतो. जगभरातून जमलेले तज्ज्ञ ऐकत होते.

५. काय वाढले आणि काय घटले

आता आकडे पाहू, कारण नुसत्या भावनेवर दवाखाना चालत नाही.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला आणि १९९० च्या दशकात ३० च्याही खाली गेला. कुपोषित मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते, ते ५ टक्क्यांपर्यंत उतरले. गरोदरपणी तपासणी होणाऱ्या स्त्रिया १ टक्काही नव्हत्या, त्या ९० टक्क्यांहून अधिक झाल्या. मोजक्या गावांत सुरू झालेले काम १९८० च्या दशकात सुमारे ७० गावांत पसरले होते.

एक शंका रास्त आहे. या काळात सगळ्या देशातच बालमृत्यू घटले, मग श्रेय जामखेडचे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रकल्पातील गावांची तुलना आसपासच्या इतर गावांशी केली होती. एक महिना ते पाच वर्षे या वयातील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पातील गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे फरक खरा होता.

त्याच अभ्यासातून मर्यादाही दिसते: हा फरक जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यापुढचा आहे. नवजात बाळाचे ते पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत शोधले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटले होते. ठिकाण वेगळे, प्रश्न पुढचा, पण उत्तराची दिशा तीच.

जगाने याची दखल घेतली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यसेवांवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७८ च्या आल्मा-आटा घोषणापत्रात प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मांडला गेला, तो अशा कामांच्या अनुभवावर उभा होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' ही जामखेडच्या कार्यकर्तीची धाकटी बहीण म्हणावी अशीच आहे. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. काम त्यांच्यामागेही चालू राहिले. ते चालू राहिले, कारण ते दोघांच्या हातात कधीच अडकून पडले नव्हते.

६. आपल्यासाठी काय

जामखेड खेडे होते, आपण शहराच्या काठावर आहोत. तिथे इस्पितळ दूर होते, आपल्याकडे रिक्षाच्या अंतरावर आहे. म्हणून जसेच्या तसे उचलता येणार नाही. तरी तीन गोष्टी मला स्पष्ट दिसतात.

पहिली: आपण विचारलेले नाही. दवाखाना सुरू केल्यापासून मागच्या वस्तीला 'तुम्हाला काय हवे' असे आपण एकदाही विचारले नाही. गेल्या आठवड्यात मी आणि परिषदेचे दोन सभासद तिथे जाऊन बसलो. लोक औषधांविषयी फारसे बोललेच नाहीत. पिण्याच्या पाण्याची नळी गटारातून गेली आहे आणि पाणी पहाटे एक तासच येते, हे प्रत्येक घरात ऐकले. पावसाळ्यातली तीच ती मुले कुठून येतात, हे मला त्या गटाराजवळ उभे राहिल्यावर कळले.

दुसरी: देणाऱ्याला देत राहण्याची गोडी लागते. ही गोष्ट मी स्वतःबद्दल सांगतो. रविवारी रांगेतले लोक हात जोडून 'फादर' म्हणतात, ते मला आवडते. पण जे काम शेजारी स्वतः करू शकतो, ते त्याच्या हातून काढून घेणे म्हणजे सेवा नव्हे. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत याला नाव आहे. १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी ते तत्त्व स्पष्टपणे मांडले: लहान समूहाला जे जमते ते मोठ्याने बळकावू नये, जे जमत नाही त्यात पाठबळ द्यावे. जामखेडच्या तीन पायऱ्या हे याचे चांगले उदाहरण आहे.

तिसरी: इमारतीला विरोध नाही. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना नियमित तपासणी लागते, त्यासाठी एक खोली खरोखर हवी आहे. प्रश्न क्रमाचा आहे. जमलेल्या निधीतून दोन खोल्या बांधायच्या, की एक खोली बांधून उरलेल्या रकमेत वस्तीतल्या सहा बायकांना वर्षभर शिकवायचे आणि पाण्याच्या नळीसाठी वस्तीबरोबर नगरपालिकेत पाठपुरावा करायचा? त्या सहा जणी वस्तीने निवडाव्यात, आपण नव्हे. वस्तीत 'आशा' ताई येत असतील तर त्यांच्या सोबतीने काम करावे, त्यांना डावलून नव्हे.

माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, हे लपवत नाही. पण त्यात कोनशिला नाही, उद्घाटन नाही, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात कदाचित लिहावे लागेल की रुग्णसंख्या घटली. ते वाक्य आनंदाने वाचायची आपली तयारी आहे का, हे आधी ठरवावे लागेल.

परिषदेची पुढची सभा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. त्याआधी लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत खालील प्रश्नांवर चर्चा करावी, ही विनंती.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या दवाखान्यात वारंवार येणारे आजार कोणते? त्यांतले किती घरी किंवा वस्तीतच टाळता येतील?
२. वस्तीतल्या किती कुटुंबांना आपण नावाने ओळखतो? त्यांच्या घरी कधी बसलो आहोत का?
३. निरक्षर बाई आरोग्याचे काम करू शकते, यावर आपला विश्वास आहे का? नसेल तर का नाही?
४. साखर-मिठाच्या पाण्याचे माप आपल्या समूहातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे का? नसल्यास याच बैठकीत करून दाखवावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू